‘पुन्हा सांगा’ हा धडा मी छापला

ज्यांच्या सहामाहीच्या प्रश्नपत्रिकांना शाईचा ओला वास यायचा आणि पान हातात घेतलं की बोटं काळी व्हायची, ते मला लगेच ओळखतील. मी सायक्लोस्टाइलचं यंत्र. आज जरा बोलायचं म्हणतोय.

नव्या पोरांसाठी थोडक्यात सांगतो. माझ्या पोटात एक लोखंडी ढोल आहे आणि ढोलात शाई. ढोलावर मेणाचा पातळ कागद ताणून बसवतात, त्याला स्टेन्सिल म्हणतात. टाइपरायटरच्या अक्षरांनी त्या मेणाला बारीक छेद पडतात आणि त्यांतून शाई खालच्या कागदावर उतरते. हँडल फिरवलं की एक पान. मला वीज लागत नाही. दमदार हात मात्र लागतो.

इथे सगळे मला लोलो म्हणतात. लोलो म्हणजे आजोबा. हे नाव पडलं तेव्हा मी तसा म्हातारा नव्हतो, पण नाव ठेवणाऱ्यापुढे माझं काही चाललं नाही.

माझा जन्म कुठल्या तरी लांबच्या कारखान्यात झाला. तिथलं फारसं आठवत नाही. लाकडी खोक्यात, पेंढ्याच्या अंथरुणावर बोटीतून मनिलाला आलो आणि एका चर्चच्या कार्यालयात लागलो. रविवारची गाणी, लग्नांच्या सूचना आणि बिंगो नावाच्या हौजीसारख्या खेळाची कार्डं, एवढं माझं काम. गाण्यांची पानं उरायची. बिंगोची कधी उरली नाहीत. मग कार्यालयात विजेवरचं यंत्र आलं आणि मला दान करून टाकलं. नको झालेली वस्तू माणसं फार मोठ्या मनाने देतात, हे मला तेव्हा कळलं.

दान कुणाला, तर लुझोनच्या किनाऱ्यावर, समुद्राकडे तोंड करून असलेल्या टेकडीवरच्या एका छावणीला. साल त्र्याऐंशी असेल. कंबोडिया, लाओस, व्हिएतनाममधून लढाईपायी परागंदा झालेली माणसं तिथे काही महिने राहायची, इंग्रजी शिकायची आणि मग विमानाने अमेरिकेला जायची. त्यांना शिकवायला आमच्याच देशातले तरुण शिक्षक होते. शिक्षणाची पदवी घेतलेली मुलंमुली त्या काळात भाराभर होती आणि नोकऱ्या मूठभर. छावणीत शिक्षक हवेत म्हटल्यावर बेटाबेटांवरून पोरं पिशव्या घेऊन आली.

मला पाठ्यसाहित्याच्या खोलीत ठेवलं. खोली फळ्यांची आणि वर पत्रा. माझा ताबा कुया इस्कोकडे आला. कुया म्हणजे दादा. गोलमटोल माणूस, सतत शीळ घालणारा. त्याने मला पुसलं, तेल घातलं आणि म्हणाला, "चल लोलो, इथे बिंगो नाही. इथे कष्ट आहेत."

कष्ट खरंच होते. छावणीतल्या सगळ्या वर्गांची सगळी पानं मीच छापायचो. पुस्तक दुसरीकडे कुठे तरी तयार व्हायचं. आम्ही त्याच्या प्रती काढायच्या. सुपरमार्केटमध्ये, बसमध्ये, घरमालकाकडे, असे धडे. सगळ्या वर्गांत एका दिवशी एकच पान शिकवायचं, हा नियम. नियम घालून दिला होता मिसेस टॅलबट यांनी. त्या पाठ्यसाहित्याच्या प्रमुख होत्या. उंच, सडपातळ, केसांत पेन्सिल खोचलेली. ती पेन्सिल त्या दिवसभर शोधत असायच्या आणि कुणाची सांगायची हिंमत व्हायची नाही.

पर्ला दुमलाव पहिल्यांदा खोलीत आली ती कागद मागायला. बाविशीची पोरगी, कागायानच्या खोऱ्यातल्या तंबाखू पिकवणाऱ्या घरातली. धाकटी बहीण हाँगकाँगला घरकामाला गेली होती आणि पर्लानेही तिच्या मागोमाग जावं, असं घरच्यांचं म्हणणं होतं. पर्लाला शिकवायचं होतं. सहायक शिक्षिकेची सहा महिन्यांची नेमणूक मिळाली होती आणि ती पुढे वाढेल की नाही, हे मिसेस टॅलबटच्या हातात होतं.

त्या पावसाळ्यात पर्लाच्या वर्गाचं छप्पर उडालं, म्हणून तिचा वर्ग आमच्या खोलीच्या ओसरीवर भरू लागला. त्यामुळे पुढचं सगळं मला दिसलं.

तिच्या वर्गात मिंग चंथी नावाची कंबोडियाची बाई होती. मिंग म्हणजे मावशी, सगळे तिला तसंच म्हणायचे. चाळिशीची, विधवा. बरोबर म्हातारी आई. त्या आईला तिने जंगलातून सीमेपर्यंत पाठुंगळी वाहून आणलं होतं. वर्गात ती पुढे बसायची, मान डोलवायची आणि टीचरने काहीही विचारलं की हसून म्हणायची, "येस."

एक दिवस वर्ग सुटला आणि पर्ला आत येऊन कागदाच्या गठ्ठ्यावर मटकन बसली.

"काय गं, तोंड का उतरलंय?" इस्कोने विचारलं.

"मिंग चंथीची आई इथेच राहणार आहे. आणि ती एकटी विमानात बसणार आहे."

"म्हणजे? सोडून चालली म्हातारीला?"

"सोडून कसली चाललीय. काल अमेरिकेला जायची मुलाखत झाली तिची. साहेबांनी विचारलं, इंग्रजी समजतं का? ही म्हणाली, येस. मग दुभाष्याला दुसऱ्या टेबलावर पाठवलं."

"पण हिला कुठे समजतं?"

"तेच तर. त्यांच्यात मोठ्या माणसाने काही विचारलं की बायका ‘चा’ म्हणतात. म्हणजे, ऐकतेय, बोला. हिने त्या ‘चा’चं येस केलं. पुढे साहेब म्हणाले, ही तुमची खरी आई नाही ना? येस. तुम्ही एकट्याच जाणार ना? येस. तिला वाटलं, साहेब खूश आहेत. भराभर लिहीत होते."

इस्कोची शीळ थांबली. "मग आता?"

"पुन्हा मुलाखत मागता येते, पण एकदाच. बुधवारी आहे. आणि ‘इंग्रजी समजतं’ असं लिहून ठेवलंय, म्हणजे दुभाष्या मिळाला तर मिळाला."

तेवढ्यात मिसेस टॅलबट आल्या. पर्ला उठून उभी राहिली आणि बसल्या जागी मनात जुळवलेलं सगळं एका दमात बोलून मोकळी झाली. मॅम, उद्याचं पान बाजूला ठेवून मला एक नवा धडा लिहू द्या.

"नियम तुला माहीत आहे, पर्ला. सहायकांनी शिकवायचं, लिहायचं नाही. प्रत्येकाने आपापला धडा लिहिला तर वर्ग कुठवर आलाय हे पुढच्या शिक्षकाला कळणार कसं?"

"मॅम, पण आपल्या पुस्तकात कुणीच कधी अडत नाही."

"म्हणजे?"

"सगळे येस म्हणतात आणि शेवटी थँक यू म्हणतात. एकालाही एकदासुद्धा न समजल्यासारखं होत नाही. मी पहिल्या पानापासून पाहिलं."

मिसेस टॅलबटनी पुस्तक घेतलं. उभ्याउभ्या चाळलं. घरमालकाच्या धड्यापाशी जरा थांबल्या, पुढे गेल्या. मग पुस्तक मिटून म्हणाल्या, "मी बघते."

कार्यालयातली माणसं ‘मी बघते’ म्हणाली की ते काम वर्षभर कुणी बघत नाही, एवढं मी चर्चमध्येच शिकलो होतो.

त्या निघून गेल्यावर पर्लाने टाइपरायटर पुढे ओढला आणि त्यात स्टेन्सिल घातलं.

"नोकरी जाईल तुझी," इस्को म्हणाला.

"सहा महिने संपतच आलेत."

"तुझे संपत आलेत. माझी कायमची आहे. माझ्या बायकोला हे कोण सांगणार?" असं म्हणत म्हणतच त्याने माझ्या ढोलात शाई भरली.

पहिला धडा होता ‘नो’ म्हणण्याचा. दुसऱ्या दिवशी ओसरीवर नुसती धमाल. आयुष्यभर साहेबांपुढे, सैनिकांपुढे मान खाली घालून बसलेली माणसं, एकदा ‘नो’ म्हणायची परवानगी मिळाल्यावर थांबेनात. तुम्ही अमेरिकन आहात? नो. तुम्हाला सहा पाय आहेत? नो. एक लाओसचा म्हातारा तर प्रश्न पुरा व्हायच्या आत ‘नो’ म्हणून मोकळा व्हायचा.

मग पर्लाने इस्कोचा चष्मा लावला, समोर टेबल घेतलं आणि साहेब झाली. मिंग चंथीला पुढे बोलावलं.

"ही तुमची आई नाही ना?"

"नो," मिंग चंथी ठणकावून म्हणाली.

वर्गाने टाळ्या वाजवल्या. पर्लाने लिहायला पेन टेकवलं आणि तिचा हात तसाच राहिला. इंग्रजी बोलणाऱ्या साहेबाच्या कानाने ऐकलं तर बाई म्हणाली होती, नाही, ही माझी आई नाही.

तिने सगळ्यांकडून पानं परत घेतली. वर्ग लवकर सोडला. आत येऊन म्हणाली, "कुया, येस म्हटलं तरी आई जाते. नो म्हटलं तरी आई जाते."

तिने ते स्टेन्सिल काढून चुरगाळलं. माझ्या ढोलावरून असं अर्ध्या कामातून काढलेलं ते पहिलंच. मला जरा वाईट वाटलं. छापणाऱ्याला आपलं पान फुकट जाणं आवडत नाही. पण पर्लाकडे पाहिलं आणि मी माझं दुःख गिळलं.

बराच वेळ ती नखं खात बसली. मग म्हणाली, "कुया, तुला कुणी विचारलं, ही तुझी आई नाही ना, तर तू काय करशील?"

"त्याच्या कानाखाली वाजवीन."

"बरं, वाजवलीस. त्यानंतर?"

"त्यानंतर सांगीन, ही माझी आई आहे."

पर्ला ताडकन उभी राहिली. "हेच. येस नाही आणि नोही नाही. जे आहे ते सांगायचं."

"मी कानाखालचं म्हणालो ते पण घाल धड्यात," इस्को म्हणाला.

दुसरं स्टेन्सिल तिने अगदी सावकाश केलं. लोखंडी टोकाच्या लेखणीने वर एक चित्र कोरलं. टेबलापलीकडे साहेब, अलीकडे बाई. बाईने तळवा वर केलाय, थांबा म्हणतात तसा, पण चेहरा हसरा. खाली इंग्रजीत दोनच वाक्यं. ‘कृपया पुन्हा सांगा.’ ‘मला समजलं नाही.’ आणि त्याखाली नुसत्या रेघा. त्या रेघांवर ज्याने त्याने स्वतःबद्दलची एकेक खरी गोष्ट लिहायची.

शाई ओली होती तोच पानं ओसरीवर गेली. कुणी लिहिलं, मी शिंपी आहे. कुणी लिहिलं, हा माझा मुलगा आहे. लाओसच्या म्हाताऱ्याने खूप विचार करून लिहिलं, माझ्याकडे दोन म्हशी होत्या. मिंग चंथीला लिहिता येत नव्हतं, म्हणून तिच्यासाठी पर्लाने लिहिलं आणि मिंग चंथीने त्या ओळीवरून बोट फिरवत ती पाठ केली.

वर्ग रंगात आला असताना मिसेस टॅलबट येऊन दाराशी उभ्या राहिल्या. एका बाईच्या हातातलं पान त्यांनी घेतलं. बोटांना शाई लागली.

"हे कुणी छापलं?"

इस्को पत्र्याकडे बघू लागला. मी तर हललोच नाही.

"मी लिहिलंय मॅम," पर्ला म्हणाली. "आणि छापायला मीच सांगितलं."

 मिसेस टॅलबटनी साहेबाची खुर्ची ओढली, बसल्या आणि मिंग चंथीला बोटाने जवळ बोलावलं. अमेरिकेत बोलतात तसं, एका श्वासात, शब्दाला शब्द चिकटवून त्यांनी प्रश्न टाकला. पर्लाला सुद्धा अर्धाच कळला असेल.

मिंग चंथीने तळवा वर केला. "कृपया पुन्हा सांगा."

मिसेस टॅलबटनी तसाच टाकला.

"मला समजलं नाही. कृपया पुन्हा सांगा."

तिसऱ्यांदा मिसेस टॅलबटनी श्वास घेतला. शब्द सुटे केले. अवघड होते ते काढून टाकले. "ही बाई. तुमची कोण?"

"ही माझी आई आहे."

मिसेस टॅलबट पर्लाकडे वळल्या. म्हणाल्या, "मी सोपं बोलले. हिने मला सोपं बोलायला लावलं."

"हो मॅम."

"कागदावर आणि ओसरीवर चांगलं चाललंय. टेबलापलीकडे खरा साहेब असला की काय होतं ते बुधवारी बघू. तिथे जमलं नाही, तर तू नियम मोडलास एवढंच उरेल. मग तुझ्या नेमणुकीसाठी मला काही करता येणार नाही."

बुधवारी ओसरीवर कुणी काही शिकलं नाही. पर्ला मिंग चंथीबरोबर मुलाखतीच्या इमारतीकडे गेली होती. वर्गातली माणसं तरीही येऊन बसली होती. इस्कोने तीन वेळा माझा ढोल पुसला, जो आधीच पुसलेला होता. मिसेस टॅलबट शब्दकोश मागायला आल्या आणि शब्दकोश मिळाल्यावरही गेल्या नाहीत.

दुपारी त्या दोघी टेकडी चढून आल्या. मिंग चंथीच्या हाताला धरून म्हातारी आई होती. कुणाच्याच चेहऱ्यावरून काही कळेना.

"बोल की गं," इस्को म्हणाला.

पर्ला ओसरीच्या पायरीवर बसली. "दुभाष्या नव्हता. मला खिडकीबाहेर बसू दिलं. साहेबांनी विचारलं आणि ही म्हणाली, कृपया पुन्हा सांगा. त्यांनी पुन्हा सांगितलं. ही म्हणाली, मला समजलं नाही. मला वाटलं आता ते चिडणार. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि हळू विचारलं. मग ही म्हणाली, ही माझी आई आहे. मी तिची मुलगी आहे."

"मग?" मिसेस टॅलबट म्हणाल्या.

"मग साहेबांनी लिहिलं. म्हणाले, झालं, जा. पण ही उठेना."

"का?"

"ही म्हणाली, कृपया मला वाचून दाखवा."



"हे वाक्य तुझ्या धड्यात नाही," मिसेस टॅलबट म्हणाल्या.

"नाही मॅम. पुस्तकातही नाही. ‘कृपया’ माझ्या धड्यातलं आणि ‘वाचा’ पुस्तकातलं. तिने जोडलं."

"आणि त्यांनी वाचलं?"

"वाचलं. आईचं नाव चुकीचं लिहिलं होतं. हिने तेही बदलून घेतलं." पर्ला आता कुठे हसली. "दोघी एकाच विमानात आहेत."

मिंग चंथीला सगळे बोललेले शब्द कळले नव्हते, पण काय बोलणं चाललंय ते कळलं होतं. ती मिसेस टॅलबटकडे वळली आणि आईच्या खांद्यावर हात ठेवून तेच वाक्य पुन्हा म्हणाली. "ही माझी आई आहे." जणू ओळख करून देत होती. मिसेस टॅलबटनी दोन्ही हात जोडून, कंबोडियातल्या रीतीप्रमाणे म्हातारीला वाकून नमस्कार केला. केसांतली पेन्सिल खाली पडली. लाओसच्या म्हाताऱ्याने ती उचलून दिली.

मग त्या आत आल्या आणि इस्कोला म्हणाल्या, "स्टेन्सिल अजून धड आहे?"

"आहे मॅम."

"सगळ्या छावणीसाठी काढ. आणि पर्ला, हा पहिला धडा करायचा. सुपरमार्केटच्या आधी."

काय सांगू तुम्हाला ते दिवस. इस्को दमला की पर्ला हँडल फिरवायची, पर्ला दमली की वर्गातले बाप्ये रांग लावून फिरवायचे. एक स्टेन्सिल फाटलं, दुसरं केलं, तिसरं केलं. माझ्या आयुष्यात मी इतका गरम कधी झालो नव्हतो. चर्चमधलं ते विजेवरचं यंत्र त्या क्षणी मला आठवलं आणि त्याची मला कीव आली.

पुढच्या पंधरवड्यात छावणीत कुणाला काही सांगायची सोय राहिली नाही. भात वाढणारा म्हणाला, पुढे सरका, की उत्तर यायचं, कृपया पुन्हा सांगा. नर्स म्हणाली, हात पुढे करा, की मला समजलं नाही. शिक्षक तक्रार घेऊन खोलीत यायचे. "अगं पर्ला, एक तासाचा धडा दोन तास चालतोय. दर वाक्याला थांबवतात."

"समजत नव्हतं तेव्हा थांबवत नव्हते, एवढाच फरक," पर्ला म्हणायची.

मिंग चंथी आणि तिची आई निघाल्या त्या सकाळी कर्ण्यावरून दोघींची नावं एकामागोमाग पुकारली. बसकडे जायच्या आधी मिंग चंथी आमच्या खोलीत आली. इस्कोसाठी तळलेली केळी आणली होती. माझ्या हँडलवर तिने तळवा ठेवला आणि तिच्या भाषेत काही म्हणाली. मला समजलं नाही आणि पुन्हा सांगा म्हणायला मला तोंड नव्हतं. पण ते चांगलंच असणार.

पर्लाची नेमणूक वाढली. ती आता सहायक शिक्षिका नव्हती, पाठ्यसाहित्य लेखिका होती. दारावर पाटी लागली तेव्हा इस्कोने तिला सलाम ठोकला आणि म्हणाला, "मोठ्या बाई झालात. पण शाई अजून माझ्याकडेच मागायची." थायलंड आणि इंडोनेशियातल्या छावण्यांनीही आमची पानं मागवली. मिसेस टॅलबट आणि पर्लाने मिळून अख्खं पुस्तक नव्याने लिहिलं. त्यात माणसं अडायची, चुकायची, विचारायची, वाद घालायची. प्रत्येक धडा आधी ओसरीवर जायचा. तिथे जो पडला, तो माझ्या ढोलावर दुसऱ्यांदा चढत नसे. पान फुकट गेल्याचं मला मग वाईट वाटेनासं झालं.

पुढे छावणी रिकामी होत गेली आणि एक दिवस बंद झाली. सामान वाटलं गेलं. कुणी कपाटं नेली, कुणी पंखे. पर्लाने मला मागून घेतलं. ट्रकमध्ये चढवताना इस्को म्हणाला, "सांभाळ गं त्याला. नाही तर त्याच्यावर कुंडी ठेवशील."

पर्ला मनिलाला पुढचं शिकली, परदेशात शिक्षकांना शिकवून आली आणि शेवटी आपल्या कागायानला, तुगेगारावला परतली. तिथे तिने शिक्षकांसाठी एक छोटं प्रशिक्षण केंद्र काढलं. वर्गासाठी साहित्य कसं तयार करायचं, हाच तिथला मुख्य विषय. खोऱ्यातल्या किती शाळांत तिने तयार केलेले शिक्षक आहेत, याची मोजदाद तीही करत नाही. बाजारात गेली की कुणी ना कुणी पिशवी हातातून घेतं आणि म्हणतं, "मॅम, मी तुमची विद्यार्थिनी."

माझे मात्र वाईट दिवस आले. झेरॉक्स आलं, संगणक आले. माझ्यावर कुंडी नाही ठेवली, पण भाताचा कुकर ठेवला. दुपारी मांजर निजायचं. नवे शिक्षक विचारायचे, हे काय आहे, शेवया करायचं यंत्र? मी तेही ऐकून घेतलं. एवढी वर्षं शाई पिऊन झाल्यावर माणसांच्या बोलण्याचा डाग लागत नाही.

आणि मग ती साथ आली. शाळा बंद, मुलं घरात. खोऱ्यातल्या वाड्यांवर ना इंटरनेट, ना संगणक. सरकारने सांगितलं, धडे छापून घरोघर पाठवा. सगळ्या शाळांची छपाईयंत्रं एकदम राबू लागली आणि एकामागून एक बसली. शाईची डबी तिप्पट भावानेही मिळेना.

ग्लाइझा नावाची पहिल्याच वर्षाची शिक्षिका पर्लाकडे आली. डोळ्यांखाली काळं. "मॅम, मी सोडतेय. परदेशातल्या मुलांना संगणकावरून इंग्रजी शिकवायचं काम मिळतंय. घरबसल्या. इथे माझ्याकडे शिकवायला वर्ग नाही आणि छापायला शाई नाही."

"जायचं तर जा," पर्ला म्हणाली. "तेही शिकवणंच आहे. पण आधी तो कुकर उचल."

जुन्या पत्र्याच्या पेटीत स्टेन्सिलं होती, डांबराच्या गोळ्या घालून जपलेली. गावातल्या एका म्हाताऱ्या स्टेशनरीवाल्याकडे शाईच्या नळ्या निघाल्या. ग्लाइझाने मला तेल घातलं आणि पर्लाने हँडलला हात लावला. साठीची झाली होती, पण हात तोच. पहिली काही पानं खराब आली. मग आवाज बसला. खटाक, फट. खटाक, फट. मांजर पळून गेलं ते परत फिरकलं नाही.

ग्लाइझाने आयुष्यातला पहिला धडा स्वतः लिहिला. मुलाने घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाला आपल्या बोलीत प्रश्न विचारायचे आणि उत्तरं इंग्रजीत लिहायची. "घरच्यांना इंग्रजी येत नाही," ती म्हणाली, "तर त्यांना जे येतं तेच धड्यात घेऊ." पर्लाने एक ओळ खोडली आणि बाकी तसाच ठेवला. ट्रायसिकलवर, म्हणजे आमच्याकडच्या तीनचाकी रिक्षावर, गठ्ठे बांधून पानं गेली, नदीपलीकडे होडीतून गेली.

आता मी तुम्हाला माझ्या आयुष्यातली सगळ्यांत मोठी गोष्ट सांगतो. इतकी वर्षं मी लाखांनी पानं छापली. सगळी माझ्यापासून दूर गेली. एकही कधी परत आलं नाही. रेघांवर कुणी काय लिहिलं, ते शिक्षकांनी पाहिलं, मी नाही.

या वेळी नियम असा होता की दर आठवड्याला पानं गोळा करून आणायची. शुक्रवारी ग्लाइझा दोन पोती घेऊन आली आणि माझ्या शेजारच्या टेबलावर ती ओतली. चिखल लागलेली, माशाचा वास येणारी, तंबाखूच्या पानांत दबून पिवळी पडलेली माझी पानं. आणि सगळी भरलेली.

ग्लाइझा मोठ्याने वाचू लागली. माझी आजी सापाला घाबरत नाही, पण कोंबड्याला घाबरते. माझे आजोबा जपान्यांपासून लपायला विहिरीत उतरले होते. माझी पणजी म्हणते, हे सगळं तू लिहितोयस तर नीट लिही. वाचता वाचता तिला हसू आवरेना आणि मग रडू आवरेना. पर्ला एकेक पान सरळ करून ठेवत होती.

"मॅम, पुढच्या आठवड्याला काय विचारू त्यांना?" ग्लाइझा म्हणाली.

सोडून जायचं ती पुन्हा बोलली नाही. आज ती या केंद्रात साहित्यलेखन शिकवते आणि पर्ला मागच्या बाकावर बसून तिच्या चुका काढते.

मी खिडकीखालच्या टेबलावर आहे. वीज गेली की माझी आठवण होते, आणि आमच्याकडे वादळं येतात म्हणजे वीज जातेच. माझं एकच मागणं आहे. तुमच्यापैकी कुणी शिक्षक असाल आणि उद्यासाठी धडा लिहीत असाल, तर खाली रेघा जरा जास्त सोडा. पोरांना लिहायला जागा पुरत नाही. मी पाहिलंय, ती समासात लिहितात, पानाच्या पाठीवर लिहितात, चित्राच्या पोटात लिहितात.

चला, ग्लाइझा नवं स्टेन्सिल घेऊन आलीच. आता मला बोलता यायचं नाही, ढोल फिरायला लागला की कान किटतात. जरा मागे सरका. शाई उडते.